कानबाईच्या जीपने मारलेली उडी

एक

"मॅडम, जीपमध्ये काहीच बिघाड नाही," ललित दारातूनच म्हणाला. वास्तविक गॅरेजवाल्याने हे वाक्य हसत म्हणायला हवं. पण त्याचा चेहरा उतरला होता.

माझी बायको उज्ज्वला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. ललित तिचा जुना विद्यार्थी, आता बमरोलीत त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मी प्रकाश, बँकेतून निवृत्त झालो. काळजी करणं हा माझा जन्मजात उद्योग, त्यातून मात्र निवृत्ती मिळालेली नाही.

काय घडलं ते गुजरातेतल्या आमच्या आख्ख्या खान्देशी वस्तीला ठाऊक होतं. श्रावणातल्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर विसर्जनाला जाते. या वर्षी तिचा चौरंग चेतन पाटीलच्या जुन्या उघड्या जीपमध्ये ठेवला होता. जीप योगराज चालवत होता. मिरवणूक थांबली होती, पुढे बायकांची फुगडी रंगली होती, आणि जीपने अचानक चार-पाच फुटांची उडी मारली. पुढच्या बायकांतल्या पार्वतीबाई धक्का लागून खाली पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. पार्वतीबाई म्हणजे योगराजची सख्खी सासू.

"योगराज म्हणतो, क्लच पूर्ण दाबला होता तरी गाडी उडाली," ललित सांगत होता. "आठच दिवसांपूर्वी क्लच प्लेट मीच बदलली. म्हणून मी मंगळवारी, बुधवारी सगळं पुन्हा तपासलं. गाडी एकदम ठणठणीत आहे."

"मग तू सुटलास की," मी म्हणालो.

"मी सुटलो, काका, पण तो अडकला. लोक म्हणतात, गाडी चांगली म्हणजे ड्रायव्हर पिऊन होता. आधी प्यायचा ना तो. दोन वर्षांपूर्वी कानबाईसमोर शपथ घेऊन सोडली. आता त्याची बायको कविता माहेरी जाऊन बसलीय, म्हणते शपथ मोडणाऱ्याच्या घरात पाय ठेवणार नाही. आणि मेहुणा सौरभ आज संध्याकाळी पाच वाजता चौकीत अर्ज देणार आहे. योगराजची सिटी बसवर निवड झालीय, पोलिसांचा दाखला तेवढा बाकी आहे. अर्ज गेला की सगळं संपलं."

घड्याळात साडेदहा झाले होते. मी लगेच उठून चपला शोधू लागलो. उज्ज्वलाने मात्र चहाचा कप खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

"क्लच दाबलेला असताना चांगली गाडी उडी मारत नाही," ती म्हणाली. "म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतंय, माणूस नाहीतर गाडी. आणि गाडीला खोटं बोलता येत नाही, ललित."

दोन

जीप माझ्यापेक्षा थोडीच लहान असेल. चेतनच्या वडिलांनी ती चलथाणकडच्या एका उसाच्या शेतातून आणली होती. तिला खिडक्या नाहीत, दारं नाहीत, आणि पायाखाली नुसता पत्रा.

उज्ज्वलाने पदर खोचला. मी ललितच्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. माझ्याकडून तेवढीच मदत होण्यासारखी होती.

तिने आधी हाताने क्लचचं पेडल दाबून पाहिलं. सुरुवातीची ढील एक इंचाची होती, म्हणजे हवी तेवढी. मग इंजिन चालू करून टॉप गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि क्लच सोडला. इंजिन धाडकन बंद पडलं.

"क्लच घसरत नाही," ती मला समजावत म्हणाली, "नाहीतर इंजिन फिरत राहिलं असतं. आता पेडल दाबल्यावर तो इंजिनापासून पूर्ण सुटतो का ते बघू. या गिअरबॉक्सचा रिव्हर्स फार खडूस असतो. क्लच जरा जरी अर्धवट सुटला, तरी तो दात खातो."

इंजिन पुन्हा चालू करून तिने पेडल तळापर्यंत दाबलं, तीन अंक मोजले आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पहिला गिअर टाकला, तरी आवाज नाही. ललितने गिअरबॉक्समधलं थोडं ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवलं. त्याला चिमूटभरही लोखंडाचा कीस लागला नाही, म्हणजे आतले दात तुटलेले नव्हते.

"गार गाडी गुणाची असते," उज्ज्वला म्हणाली. "तापल्यावर बघू."

मग आम्ही पांडेसऱ्याच्या गर्दीतून तासभर जीप चालवली. मिरवणुकीसारखीच, थांबत आणि पुन्हा निघत. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाणारे लोक आमच्याकडे बघून हसत होते. इंजिन तापलं, माझं डोकं तापलं, पण गिअर लोण्यासारखे पडत राहिले.

परत आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. उज्ज्वलाने तेच पेडल पुन्हा एकदा दाबून पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एकाच गाडीला तोच प्रश्न दोनदा विचारताना पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ललित चाचरत म्हणाला, "एक सांगू का? रविवारी संध्याकाळी मी चेतनच्या दारावरून जाताना त्याला पाहिलं होतं. तो जीपखाली आडवा होता. हातात पक्कड होती."

तीन

चेतन पाटीलचं साड्यांना लेस लावायचं छोटं युनिट आहे. आम्ही गेलो तेव्हा तो गुजरातीत फोनवर कोणाला तरी झापत होता. उज्ज्वलाचा प्रश्न ऐकून मात्र त्याचा आवाज खाली आला.

"ही जीप मला विकायची आहे, सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "कडोदऱ्याचा एक शौकीन मागे लागलाय. पण पप्पांची आठवण म्हणून मम्मी सोडत नाही. आता तुम्हीच सांगा बेन, विकायची असलेली गाडी मी स्वतःच कशाला बिघडवेन? बिघडलेली गाडी कोण घेणार?"

"मग पक्कड घेऊन खाली काय करत होतास?"

"लाइटच्या माळांची वायर बांधत होतो. आणि हां..." तो ओशाळला. "इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवला होता. गाडी उभी असली की माळा मंद व्हायच्या. मंगळवारी ललितने तो परत खाली केला."

मी उज्ज्वलाकडे पाहिलं. सापडला, असं मला वाटलं. पण तिने नकारार्थी मान हलवली.

"वेग वाढला म्हणून उडी जोरात बसली असेल. पण क्लच पूर्ण सुटलेला असेल तर इंजिन कितीही बोंबललं तरी चाकापर्यंत काही पोचत नाही. बरं चेतन, तू गाडीजवळ होतास ना? गिअरचा आवाज येत होता?"

"येत होता म्हणजे? घरापासून निघालो तेव्हापासून खर्रर्र, खर्रर्र. ढोलात सुद्धा ऐकू येत होता. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच."

उज्ज्वला ताडकन उभी राहिली. "म्हणजे क्लच खरोखरच सुटत नव्हता! दारूने माणसाचा तोल जाईल रे, पण पेडल तळाला असताना गिअर खरखरणार नाही. आज तीच जीप, तोच क्लच, आणि हूं की चूं नाही. सोमवारी असं काय होतं, जे आज नाही?"

"माळा होत्या. चौरंग होता. सगळे अनवाणी होते," चेतन म्हणाला.

"योगराजसुद्धा?"

"मग? कानबाई गाडीत बसलेली, चपला घालून कोण चालवेल?"

उज्ज्वला बाहेर आली आणि जीपमध्ये बसली. तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. भर वस्तीत बायकोच्या चपला मांडीवर घेऊन मी बसलो. अर्ध्या तासाने तिने गाडी एकदम कडेला घेतली आणि पाय वर ओढला. टाचेवर लालबुंद चट्टा उठला होता. खालून सायलेन्सरचा पाइप जातो, त्याने पत्रा तव्यासारखा तापला होता.

"चला," ती दात आवळून म्हणाली. "योगराजचे पाय बघायचे आहेत."

चार

दोन वाजले होते. योगराज घरात एकटाच होता. चूल पेटलेली दिसत नव्हती. तिशीचा धट्टाकट्टा माणूस, पण तीन दिवसांत गालफडं बसली होती.

"मॅडम, मी पेयेल नव्हतू," त्याने आम्हाला बसायला सांगण्याआधी हेच सांगितलं. "कानबाईनी शप्पथ."

"माझा विश्वास आहे," उज्ज्वला म्हणाली. "उडी मारली तेव्हा पेडल कुठे होतं?"

"एकदम खाली. तळ लागलेला होता. गिअर खरखर करत गेला न् गाडी सुटली. मी ब्रेक मारला, पन तवलोक..."

"किती वेळ चालवत होतास?"

"दोन तास झाले असतील."

"अनवाणी?"

"हो."

"तळवे दाखव."

तो गोंधळला, पण त्याने पाय पुढे केले. दोन्ही टाचांवर जुन्या भाजल्याचे डाग होते, कातडी निघून आता सुकत आलेले. त्यांच्यावर नवा फोड एकही नव्हता.

"हे कधी भाजलं?"

"प्लेट टाकल्यावर ललितने चालवून बघायला दिली होती. कानबाईच्या आधी सवय पाहिजे म्हणून अनवाणी चालवली. तेव्हा."

"तेव्हा नुसतं चालवून बघताना भाजलं, आणि सोमवारी दोन तासांत काहीच नाही?" उज्ज्वलाचा आवाज अगदी मऊ झाला. ती अशी बोलू लागली की मला जास्त धडकी भरते. "योगराज, सोमवारी तुझ्या पायाखाली काय होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग भिंतीकडे.

"काही नव्हतं. पत्रा होता."

"नीट आठव. या एका उत्तरावर तुझी नोकरी आहे, तुझं घर आहे."

"सांगितलं ना मॅडम, काही नव्हतं!" तो ओरडलाच. मग हात जोडून म्हणाला, "तुम्ही आता राहू द्या. सौरभला द्यायचा तर देऊ द्या अर्ज. नशिबात असेल ते होईल."

बाहेर आल्यावर मी भडकलो. ज्याला वाचवायला आम्ही उन्हात हिंडतोय, तोच म्हणतो राहू द्या!

"तो खोटं बोलतोय," उज्ज्वला म्हणाली. "आणि स्वतःच्या विरुद्ध बोलतोय. पिऊन नव्हतो हे जीव तोडून सांगतो, आणि ज्याने ते सिद्ध होईल तेच लपवतो. माणूस असं कधी करतो, सांगा बरं?"

मी तिच्यापुढे घड्याळ धरलं. अडीच वाजून गेले होते.

पाच

गॅरेजमध्ये येऊन उज्ज्वलाने एक जुनी सतरंजी मागवली. तिची घडी करून ती जीपच्या पत्र्यावर अंथरली आणि पेडल दाबलं. पेडल मध्येच अडलं. पायाला वाटावं तळ लागला, पण खाली अजून दोन बोटं जागा होती. तिने रिव्हर्स टाकला.

खर्रर्र! ललितने कानावर हात ठेवले.

"हाच आवाज," ती म्हणाली. "क्लच अर्धा सुटतो, अर्धा धरून राहतो. पाय हलेल तशी घडी पुढे सरकते, पेडलखाली गोळा होते आणि जागा आणखी कमी करते. म्हणून घरापासून नुसती खरखर होती, आणि उडी दोन तासांनी बसली. अपघातानंतर ती वस्तू गाडीतून गेली, तिच्याबरोबर बिघाडही गेला. ललित, तू दोन दिवस गाडी तपासलीस. बिघाड तिच्यात नव्हताच रे."

"पण ती वस्तू गेली कुठे?" मी विचारलं.

तिने चेतनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "चेतन, पार्वतीबाईंना रस्त्यावरून उचललं कसं?"

"गोधडीत घालून. चौघांनी चार टोकं धरली. तशीच रिक्षात ठेवली."

"गोधडी कुठून आली?"

"योगराजनेच आणली की. धावत गाडीकडे गेला, ओढून काढली. अडकली होती वाटतं, दोन हिसडे मारले त्याने."

फोन बंद झाला. दोन हिसडे मारले, म्हणजे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. मग तो कोणाला पाठीशी घालत होता?

उज्ज्वलाने पेडलच्या खालच्या अंगावर कोरा कागद दाबून ग्रीसचा ठसा घेतला. पेडल वाटोळं, एका कडेला टवका उडालेला. कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला. तिचा चेहरा मात्र कोडं सुटल्यासारखा दिसत नव्हता.

"आता काय?" मी विचारलं.

"घरात कोणाला दिसले असतील त्याचे भाजलेले पाय?" ती म्हणाली. "मला हे सांगायचं जिवावर आलंय हो. नाही सांगितलं तर योगराज संपतो. सांगितलं तर दुसऱ्या कोणाच्या तरी मनावर जन्माचं ओझं बसतं. आणि घर दोघांचं एकच आहे."

सव्वाचार झाले होते. आम्ही योगराजला सोबत घेतलं. तो येत नव्हता, ललितने हाताला धरून आणला.

सहा

पार्वतीबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, लांब सामाईक गॅलरीतलं. गॅलरीच्या कठड्यावर गोधडी वाळत होती. श्रावणाच्या दमटपणात तीन दिवस झाले तरी तिचे काठ ओले होते. उज्ज्वलाने ती उलटी केली. धुऊनही न गेलेले काळे वाटोळे डाग तिच्यावर एकाशेजारी एक उमटले होते. तिने कागद शेजारी धरला. प्रत्येक डागाची तीच कड तुटलेली होती. योगराजने नजर फिरवली.

आत पार्वतीबाई प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. सौरभ शर्ट घालून तयार होता, अर्ज खिशात. योगराजला पाहताच तो उसळला, "याला कशाला आणलं? मी निघालोच आहे चौकीला."

"पाच मिनिटं थांब, भाऊ," उज्ज्वला म्हणाली. "मग हवं तिथे जा."

तिने सगळं सांगितलं. गिअर का खरखरले, पत्रा किती तापतो, योगराजच्या पायाला नवा फोड का नाही, गोधडीवर डाग कसले. तिने आरोप कुणावर केला नाही, नावही घेतलं नाही. शिकवताना सांगायची, तसं एकामागून एक सांगितलं. मी मात्र कविताकडे बघत होतो. ती भांड्यांच्या फळीला टेकून उभी होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता.

"गोधडी मी टाकली होती," ती म्हणाली.

सौरभ वळला. "काय?"

"यांचे पाय भाजलेले होते. अनवाणीच चालवणार म्हणे. मी म्हटलं दोन तास कसं सोसतील... म्हणून सकाळी कोणी बघत नव्हतं तेव्हा चौघडी करून टाकली." तिने आईच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि तिचा आवाज फुटला. "मन्ही मायना पाय मीच मोडा!"

पार्वतीबाईंनी कोपरावर भार देऊन मान उचलली. सौरभ त्यांच्या तोंडाकडे बघत होता, मीही.

"जवाई," त्या म्हणाल्या, "तुले मालूम व्हतं?"

योगराजने मान खाली घातली. "गोधडी वढी तवय समजनं."

"मंग बोलना काबर नही?"

"काय बोलू? तुम्ही रस्त्यावर पडलेल्या, ती तुमचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. तिला काय सांगू, तुझ्यामुळे झालं म्हणून? मला तसंही लोक बेवडा म्हणायचेच. एक नाव आणखी लागलं असतं."

"नोकरी गेली असती तुझी," सौरभ म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"नोकरी दुसरी भेटती."

पार्वतीबाईंनी सौरभपुढे हात केला. त्याने खिशातला अर्ज काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो न वाचताच उशीखाली सारला आणि म्हणाल्या, "जवाई मना खोटं बोलना. पन कोनाकरता बोलना, ते दख."

कविता अजून फळीपाशीच होती. मला वाटलं, आता ती योगराजच्या पाया पडेल किंवा हंबरडा फोडेल. तसं काही झालं नाही. तिने डोळे पुसले, आमच्या मधून वाट काढली आणि ती गॅलरीत गेली. पाणी भरायची वेळ होती. नळापाशी पंधरा-वीस बाया रांगेत होत्या, खाली चौकात लूमच्या पाळीवरून आलेले पुरुष उभे होते.

"ऐका वो सगळा!" तिने कठडा धरून आवाज दिला. नळाची कुरबुर थांबली. "मना नवरा सोमवारले पेयेल नव्हता. एक थेंब नही. गाडीमा गोधडी मी टाकेल व्हती. चूक मन्ही शे. कोनी त्याले बेवडा म्हनशात तर पहिले मन्हासंगे बोलनं पडी!"

योगराज तिच्यामागे धावला. "बास ना कविता," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लोक ऐकी राहिनात."

"ऐकू द्या," ती म्हणाली.